पार्बताबाईचं घरी बसणं

पार्बताबाईला मी खोटं सांगितलं होतं. एकच वाक्य होतं, तिच्या अंगणात उभं राहून बोललेलं. ते बोलून झाल्यावर मी टेम्पोकडे वळलो आणि तिथेच ते संपलं असं मला वाटलं होतं. संपलं नाही. हे मी यंदापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस. मुकादमाला फार बोलावं लागतं असा लोकांचा समज असतो. खरं तर मुकादमाला ऐकून घ्यावं लागतं, मालकाचंही आणि बायांचंही.

या दिवाळी अंकाचे संपादक माझ्या जुन्या ओळखीचे. यंदा ते घरी आले आणि म्हणाले, सगळीकडे चर्चा चालली आहे की सरकारनं प्रत्येकाच्या खात्यात पोटापुरते पैसे दर महिन्याला टाकले, काही काम न करता, तर माणसं कामाला जातील का? मोठमोठे लोक यावर लिहितात. तू उभं आयुष्य मजूर गोळा केलेस, तुला जे दिसलं ते लिही. मी नाही म्हटलं. ते चहा पिऊन गेले. त्यानंतर चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं आणि ते पार्बताबाईला वगळून लिहिता येत नव्हतं.

माझं काम आधी सांगतो. पवनी-कोंढ्याकडच्या माणसाला सातरा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण अंक लांबवर जातो. धान कापून झालं की आमच्याकडच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रिकाम्या पडतात. मिरचीचे व्यापारी त्या भाड्यानं घेतात. ट्रकांनी वाळल्या लाल मिरचीची पोती येतात, ती बांधीत पसरतात आणि बाया ओळीनं बसून एकेका मिरचीचा देठ तोडतात. हा सातरा. देठ काढलेली मिरची पुढे दळायला जाते, काही समुद्रापार जाते म्हणतात. मजुरी किलोवर. संध्याकाळी काटा लागतो, जिनं जेवढी तोडली तेवढे तिचे पैसे. हिवाळ्यात सुरू होतं, उन्हाळा तापेपर्यंत चालतं.

दुरून पाहिलं तर सातरा फार देखणा दिसतो. सगळं शेत लाल, मध्ये रंगीत लुगड्यांच्या सावल्या बांधलेल्या. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात. जवळ आले की खोकत परत जातात. मिरचीचा तिखट खकाणा नाकातोंडात बसतो, बोटांच्या पेरांत उतरतो. बाया हाताला जवसाचं तेल चोळून बसतात, नाकावर पदर आवळून बांधतात, आणि कितीही खाजलं तरी डोळ्याला हात लावत नाहीत. नवीन आलेली बाई पहिल्याच दिवशी हे विसरते, मग सगळ्या ओळीचं काम थांबतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी मारत, तिला हसत, बाकीच्या तिला सातऱ्यावर घेतात. घरी गेल्यावर रात्री लेकराला जवळ घ्यायची चोरी असते. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. लग्नानंतरची काही वर्षं तीही बसायची.

मुकादमाचं काम म्हणजे पहाटे टेम्पो घेऊन टोल्या-टोल्यांतून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्त्यांतून, बाया आणायच्या, त्यांना जागा वाटून द्यायच्या, मिरचीवर पाणी मारून घ्यायचं, संध्याकाळी काट्याशी उभं राहायचं. पाणी मारणं महत्त्वाचं. हलकं पाणी शिंपडलं की मिरची नरम पडते, देठ अलगद निघतो आणि धूळ बसते. जास्त झालं की माल काळा पडतो. हे प्रमाण हाताला कळतं, सांगून कळत नाही. ते मला चांगलं जमायचं याचा मला अभिमान होता, अजून आहे.

जागेवरून मात्र रोज भांडण. ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला बसणारीला धूळ कमी लागते. ती जागा सगळ्यांना पाहिजे. एका हंगामात दोन टोल्यांच्या बाया यावरून इतक्या पेटल्या की एकीनं बांबूला प्लास्टिकची पिशवी बांधून आणली आणि रोज सकाळी वारा कुठून आहे हे सगळ्यांदेखत पाहून मगच बसायचं असा कायदा केला. आठ दिवस कायदा चालला. नवव्या दिवशी वारा दुपारी फिरला, दुसऱ्या टोलीनं जागा बदलून मागितली आणि पिशवी बांधणारी म्हणाली, "पिसवी सकाळची हाय, दुपारची नोय." त्यावर सगळा सातरा हसला आणि तो कायदा मोडला.

एक बाई आठवते. खात्यापित्या घरची, आठ-दहा एकर धानाची शेती, दारात ट्रॅक्टर. ती शेजारच्या गावाहून यायची, चेहरा पूर्ण झाकून, ओळख लागू नये म्हणून. देठ तोडण्याचा वेग अगदी कमी. शेवटी मी एकदा विचारलं की बाई, तुम्हाला कशाची कमी आहे. ती म्हणाली की रोवणीला आता दुसरीकडच्या टोळ्या येतात, कापणीला यंत्र येतं, पोरं पुण्याला. "घरी दिवसभर कोणी बोलत नाई जी माझ्यासंगं." संध्याकाळी मजुरी ती शेजारणीच्या पोराला खाऊला देऊन टाकायची. संपादकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिनं तेव्हाच देऊन ठेवलं होतं. पैशासाठीच माणूस कामाला येतो असं नाही.

उरलेलं उत्तर नंतर आलं. बायकांच्या खात्यात दर महिन्याला सरकारी पैसे पडायला लागले, ती गोष्ट. फार नव्हते, पण न चुकता यायला लागले. अर्ज भरायच्या वेळी मीच या टोल्यांतल्या बायांना त्याच टेम्पोत घालून केंद्रावर नेलं होतं. कोणाचं आधार जोडलेलं नाही, कोणाचा अंगठा उमटत नाही. मिरचीनं बोटांच्या रेषाच झिजलेल्या, यंत्राला दिसत नाहीत. मी प्रत्येकीसोबत उभा राहिलो. त्यामुळे त्या पैशाबद्दल टोलीत काही कळायचं असलं की मला विचारायचं अशी रीत पडली. वरचं सगळं ईश्वरभाऊला माहीत असतं, असं बाया समजायच्या. मला काही माहीत नसायचं. पण मी तसं कधी म्हटलं नाही.

त्या हिवाळ्यात चहाच्या टपरीवर एकच बोलणं. आता कोण येतं कामाला, फुकटाचं भेटून राहिलं, बाया माजल्या. मी मोजदाद ठेवून सांगत नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. बहुतेक बाया आल्याच. ज्या आल्या नाहीत त्या कोण होत्या? एक अंगावर पाजणारी सुनीता. एक जिच्या गुडघ्याची सूज उतरत नव्हती ती. एक जिच्या मुलीची परीक्षा होती ती, तीही नंतर आली. आणि पार्बताबाई, तिचं पुढे सांगतो. बाकीच्या आल्या, पण आल्या त्या वेगळ्या. आधी कधी न मागितलेली गोष्ट मागायला लागल्या. सावलीला नवीन हिरवी जाळी द्या. प्यायचं पाणी कॅनचं ठेवा, बांधीतलं नाही. सणाच्या दिवशी येणार नाही. आणि हे सगळं हात जोडून नाही, काम करता करता, मान वर न करता. नाही म्हणता यायला लागलं होतं त्यांना. पैशानं काम सुटलं नाही, पण कोणी काहीही म्हटलं तरी ऐकलंच पाहिजे ही सवय सुटायला लागली.

शेठला, म्हणजे ज्याच्यासाठी मी बाया आणायचो त्या व्यापाऱ्याला, हेच बोचलं. बाया कमी आल्या असत्या तर त्यानं दुसरीकडून आणल्या असत्या. पण आलेल्या बाया मागतात म्हटल्यावर तो चिडला. शेठ नागपूरकडचा, वाईट माणूस नाही. मजुरी कधी बुडवली नाही. मला म्हणाला, "ईश्वर, हे जाळीबिळी लावू आपण, पण पहिले ते पार्बता कुठी हाय ते पाय. तिच्यामागं सारी टोली जाते."

पार्बताबाईबद्दल आता सांगायलाच हवं. आसगावच्या बाजूच्या एका टोलीतली, साठीच्या आतबाहेरची, विधवा. मुलगा नागपुरात बांधकामावर, येऊन-जाऊन. बारा-चौदा वर्षांची असल्यापासून मजुरीला. रोवणी, कापणी, तेंदूपानं तोडणं, मग सातरा. त्या टोलीची एक चाल होती. टेम्पो आला की पार्बताबाई आधी चढायची, मग बाकीच्या. ती घरातून निघाली नाही तर बाया अंगणातच घुटमळायच्या, "मावसी आली नाई अजून" म्हणत. ती बसली की ओळ पूर्ण. सातऱ्यावर नवीन मुलीला हाताला तेल कसं लावायचं, खोकला आला तर पदर कसा फिरवायचा हे तीच शिकवायची. मीही तिला मावशीच म्हणायचो.

ती यायची बंद झाली आणि काही दिवस तिच्या टोलीची ओळ निम्मी झाली. मी विचारायला गेलो. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, तलावावर आहे.

तलावाच्या पाळीवर ती बसली होती. सकाळची वेळ, उन्हात पाठ करून. मासे धरत नव्हती, कपडे धूत नव्हती, गुरं राखत नव्हती. हात मांडीवर, रिकामे. मी इतक्या वर्षांत तिचे हात रिकामे पाहिलेच नव्हते. बोलताना नाही, जेवल्यावर नाही. आणि ते पाहून मला राग आला. का आला हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. शेठचा निरोप होता, हंगाम होता, हे सगळं खरं. पण राग त्याचा नव्हता. ती बसली होती याचाच होता.

"काय करून राहिली मावसी?"

"बसली हाव."

"कोणाची वाट पाहून राहिली का?"

"नाई गा. कोणाचीच नाई." मग म्हणाली, "या पाळीवरून किती वर्स गेली-आली असन मी. अंधारात जाय, अंधारात वापस. सकाळी हे पाणी असं दिसते, मले मालूमच नोतं."

मी पाण्याकडे पाहिलं नाही. विचारलं, येणार कधी. तिनं मग सांगितलं. पवनीच्या दवाखान्यात दाखवलं होतं. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला की मिरचीच्या धुळीत पुन्हा बसायचं नाही, आता सोडलं तर सावरेल. आधी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, ऐकून खाल्लं काय असतं. आता रेशनचा तांदूळ येतो, खात्यात महिन्याचे पडतात, परसात वालाचा वेल आहे. "एकटीले किती लागते बापू? पुरते मले." हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू तिलाच अजून नीट पटलं नव्हतं, की पुरतं.

मी ठीक आहे म्हणून उठलो. घरी आलो. शेठचा फोन आला, ट्रक येऊन पडलेत, बाया पाहिजेत, नाहीतर तो मुकादम बदलेल. हे तो सरळच बोलला. माझं तेव्हा असं होतं: मुलीचं नर्सिंगचं शिक्षण, टेम्पोचा हप्ता, आणि आमचा महिना सगळा सातऱ्यावर. मला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. नंतर मी खूपदा विचार केला आहे की मलाही दर महिन्याला कुठून तरी पोटापुरते येत असते, तर मी शेठला नाही म्हटलं असतं का. म्हटलं असतं असं म्हणायला मला आवडेल. पण तो राग आठवतो आणि मला खात्री देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो टोलीत उभा केला. आलेल्या बाया खालीच उभ्या. मी उतरलो आणि पार्बताबाईच्या अंगणात गेलो. ती चुलीशी होती. मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की वरून माणसं पाहणीला येऊन राहिले. जे घरी बसून आहेत, कामाला जात नाहीत, त्यांची नावं कापून राहिले.

मी आधी ठरवून गेलो होतो असं नाही, आणि ठरवलं नव्हतं असंही नाही. वाटेत ते वाक्य तयार होत होतं आणि मी त्याला थांबवलं नाही.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मला विचारलं, "कोणं सांगतलं?"

"वरून आलं."

"कोणी पुसाले आलं त तू सांगशील न, का मी कामाले येतो म्हणून?"

"हाव, सांगतो न."

ती उठली. डबा बांधला नव्हता, तशीच निघाली. नाकाला बांधायचं फडकं दोरीवर होतं, ते घेतलं आणि टेम्पोत चढली. तिच्यामागं सगळ्या चढल्या. दुपारी तिला दोघीतिघींनी आपल्यातलं खायला दिलं. शेठ संध्याकाळी आला, भरलेली ओळ पाहिली, माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्री मला झोप चांगली लागली. लपवायचं नाही असं ठरवलं आहे तर हेही सांगतो.

तो हंगाम घाईचा होता. माल सुकायला वेळ नाही म्हणून शेठनं पाणी मारणं जवळजवळ बंद करायला लावलं. कोरडी मिरची हाताळली की कुरकुरते, फुटते, आणि तिची भुकटी ढगासारखी ओळीवर उभी राहते. मी शेठला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. पार्बताबाईला मी वाऱ्याच्या बाजूची जागा दिली. इतर बायांनीही कुरकुर केली नाही. मला वाटलं, एवढं केलं म्हणजे झालं. पण वारा कधीही फिरायचा, आणि फिरला की ती उठून जागा मागायची नाही. मला जे दिलं आहे ते मी घ्यावं, असा तिचा स्वभाव.

होळीच्या सुमाराला तिला टेम्पोत चढताना दोघींना वर ओढावं लागायला लागलं. मग एक दिवस ढिगाशी बसल्या बसल्या तिचा श्वास आत जाईना. ओठ निळे पडले. मी तिला त्याच टेम्पोत आडवी घालून पवनीला नेलं. वाटेत ती काही बोलायचा प्रयत्न करत होती. मला वाटलं मुलाचं नाव घेते आहे. टेम्पो थांबवून कान जवळ नेला. ती म्हणत होती, "आज आर्धाच दिवस झाला. नाव त नाई कापत न?"

ती वाचली. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं की हिला धूळ सोडायला सांगितलं होतं, मग कोणी बसवलं पुन्हा. मी म्हणालो, गरिबी आहे साहेब. हे दुसरं खोटं, आणि हे अधिक वाईट, कारण त्या वर्षी पहिल्यांदाच ते कारण नव्हतं.

त्यानंतर ती कामाला आली नाही, येऊ शकत नव्हती. घरी भेटायला गेलो की पहिला प्रश्न नावाचा. मी म्हणायचो, मी सांगितलंय वर, तुझं राहील. पुढच्या महिन्यात पैसे आले, अर्थातच आले. आणि ती सगळ्या टोलीला सांगायला लागली की ईश्वरभाऊनं शब्द टाकून माझं नाव वाचवलं. बाया माझ्याशी वेगळ्या आदरानं बोलायला लागल्या. कोणी कोहळा आणून दिला, कोणी तांदळाचे पापड. मी घेतले. बायकोनं भाजी केली, मी जेवलो.

मग सुनीताचं झालं. अंगावर पाजणारी जी घरी थांबली होती तिचे पैसे यायचे बंद झाले. खातं आणि आधार यांचा काहीतरी घोळ, असे घोळ खूप होतात, माझ्या बायकोच्याही नावाचा झाला होता. पण टोलीनं एकच अर्थ काढला: घरी बसली, म्हणून कापलं. दुसऱ्या आठवड्यात सुनीता सातऱ्यावर आली. बांबूला लुगड्याची झोळी बांधली आणि त्यात पोर. पोर शिंकायचं, रडायचं, थकून झोपायचं. मी तिला म्हणालो की घरी जा, तुझं प्रकरण वेगळं आहे, मी खात्याचं पाहून देतो. ती म्हणाली, "नको भाऊ. पार्बतामावसीसाठी तुमी बोलले, मायासाठी कोण बोलंल?" तिचं खातं मी खरंच जोडून आणलं, पैसे पुन्हा सुरू झाले. त्यावर टोली म्हणाली, पाहा, कामाला गेली आणि नाव लागलं.

खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं उघडं पडेल याची भीती असते असं म्हणतात. माझ्या खोट्याला तर रोज नवे पुरावे मिळत होते.

त्या हंगामानंतर मी सातरा सोडला. लोकांना सांगितलं, कंबर दुखते. आता कोंढ्याला छोटं दुकान आहे, मुलगी कमावते, भागतं. माझ्या जागी आलेला मुकादम तरुण आहे, चांगला आहे. मागच्या हिवाळ्यात मी त्याला टोलीत एका तापानं फणफणलेल्या बाईला बोलताना ऐकलं, "जमत असन त चाल बाई, नाईतर मंग नाव कापतेत, तुले त मालूम हाय." तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरंच वाटतं. आता ते चार-पाच गावांत सगळ्यांनाच खरं वाटतं. पैसे घरबसल्या मिळतात म्हणून कामाला कोणी येत नाही असं टपरीवर बोलणारे बोलतातच आहेत, आणि इकडे त्याच पैशापायी आजारी बाया पहाटे टेम्पोत चढतात.

पोळा झाल्यावर, संपादक येऊन गेल्याच्या त्या चार दिवसांत, मी पार्बताबाईकडे गेलो. ती आता अंगणाच्या पलीकडे जात नाही. दारापासून तुळशीपर्यंत चालली तरी बसावं लागतं. बाजेवर बसली होती. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. वरून कोणी आलं नव्हतं. कोणाचं नाव काम न केल्यानं कापत नाहीत, तेव्हाही नव्हते कापत. मीच बनवलं.

"कोण्या सायबानं नोतं सांगतलं?"

"नाई."

"तूच?"

"हाव."

तिचा श्वास लागायचा तसा लागत होता, शिट्टीसारखा. मला वाटलं शिव्या देईल. त्या मी सोबत घेऊन गेलो असतो. ती म्हणाली, "म्हंजे मी बसली असती तरी चालत होतं."

"हाव मावसी."

"त्या पाळीवर."

मी मान हलवली. मग तिनं विचारलं, "आन त्या बाकीच्याहिले सांगतलं तू?"

"नाई अजून."

"मंग मले कायले सांगतलं? मी त आता बसलीच हाव."

तिच्या आवाजात राग नव्हता. पाणी आण म्हणावं तसं म्हणाली. मी उठलो. तिनं ये म्हटलं नाही, आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही.

संपादकांना जे हवं होतं ते एवढंच. दर महिन्याला पोटापुरतं मिळालं तर माणूस काम सोडत नाही. ज्याला सोडायलाच हवं तो सोडतो, आणि उरलेले मान वर करून काम करतात. पण नुसते पैसे देऊन भागत नाही. ते आपले आहेत, कोणी मधला माणूस ते हिसकावू शकत नाही, हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं लागतं. तसं नसलं की माझ्यासारखा एक जण पुरतो.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं असं मी समजत नाही. त्या टोलीत दिवाळी अंक येत नाही, आणि आला तरी वाचायला कोणाला सवड नाही. पुढच्या महिन्यात सातरे सुरू होतील. पहाटे टेम्पो टोलीत थांबेल, बाया अंगणातून निघतील. त्या वेळी तिथे उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मला सांगायचं आहे की घरी बसल्यानं कोणाचंही नाव कापत नाहीत आणि ते मी पार्बताबाईला कामावर आणण्यासाठी बनवून सांगितलं होतं. सुनीतालाही, त्या तरुण मुकादमालाही. हे माझ्याकडे देणं आहे. अजून दिलेलं नाही.